दुसरी हार्ड डिस्क जोडली, पण विंडोजमध्ये दिसत नाही

मिरजकर:
घरच्या डेस्कटॉपमध्ये ५१२ जीबीची एम.२ एसएसडी (थेट मदरबोर्डवरील स्लॉटमध्ये बसणारी चिपची डिस्क) असून विंडोज ११ तिच्यावरच आहे. छायाचित्रे आणि चित्रफिती साठवून जागा संपत आली, म्हणून मी ४ टीबीची साडेतीन इंची हार्ड डिस्क आणून तिची साटा केबल (माहितीची केबल) मदरबोर्डला आणि पॉवरची केबल एसएमपीएसला (वीज पुरवणाऱ्या डब्याला) जोडली. डिस्क फिरत असल्याचे हाताला जाणवते, परंतु 'धिस पीसी'मध्ये ती दिसत नाही. पूर्वीच्या संगणकातील १ टीबीची डिस्कही आतील माहितीसकट याच कॅबिनेटमध्ये बसवायची आहे. तीही फॉरमॅट करावी लागेल का?

रात्रपाळी:
विंडोजमध्ये शोधाशोध करण्यापूर्वी संगणक सुरू होताना बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन तेथे डिस्कचे नाव दिसते का, ते पाहावे. दिसत असेल तर जोडणी ठीक आहे. कोरी डिस्क 'धिस पीसी'मध्ये आपोआप येतच नाही. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडल्यास ती इनिशियलाइज (वापरासाठी तयार) करण्याबद्दल विचारणा होईल. डिस्कवरील भागांची नोंद ठेवण्याच्या दोन पद्धतींपैकी तेथे जीपीटी निवडावी, कारण जुन्या एमबीआर पद्धतीत सेक्टरचे (साठवणुकीच्या लहान कप्प्यांचे) क्रमांक ३२ बिटांत लिहिले जात असल्याने ५१२ बाइटच्या सेक्टरनुसार साधारण २ टीबीच्या पुढची जागा वापरताच येत नाही. त्यानंतर 'न्यू सिंपल व्हॉल्यूम' घेऊन एनटीएफएसमध्ये (विंडोजच्या फाइल साठवण्याच्या पद्धतीत) क्विक फॉरमॅट केले की काम झाले. क्षमता सुमारे ३.६ टीबी दिसेल, पण त्यासाठी दुकानदाराशी भांडू नये: कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या.

जुना_सोल्डर:
बायोसमध्येही डिस्क दिसत नसेल, तर माझा पहिला संशय एम.२ वर आहे. अनेक मदरबोर्डांवर एम.२ स्लॉट आणि एखाद-दुसरा साटा पोर्ट यांची वाट एकच असते. स्लॉटमध्ये एसएसडी बसली की तो पोर्ट बंद होतो, आणि डिस्कला वीज वेगळ्या केबलने मिळत असल्यामुळे ती मात्र फिरत राहते. कोणता पोर्ट बंद होतो, हे मदरबोर्डच्या पुस्तिकेत दिलेले असते.

दुसरी डिस्क जोडताना पॉवरची केबल कमी पडली, तर दुसऱ्या मॉड्युलर (केबल सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसची केबल कृपया वापरू नका, ती व्यवस्थित बसत असली तरीही. एसएमपीएसकडील टोकाच्या पिनांची मांडणी सर्वत्र सारखी नसते, त्यामुळे ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन चांगली डिस्क क्षणात जळू शकते.

जुनी डिस्क फॉरमॅट करू नका. ती एनटीएफएसमध्ये असेल तर जोडताच फाइली दिसतील. बिटलॉकर (विंडोजचे डिस्कला लावायचे कुलूप) लावलेले असल्यास पासवर्ड किंवा रिकव्हरी की लागेल. मात्र या डिस्कबाबत विंडोजने 'इनिशियलाइज' किंवा 'फॉरमॅट' असे काहीही विचारले, तर 'कॅन्सल' दाबून थांबा. तिच्यावर जुने विंडोज असल्यास संगणक तिकडूनच सुरू होऊ पाहील. तेव्हा बायोसमध्ये एसएसडी बूट क्रमात पहिली ठेवा.

मिरजकर:
दोघांचेही आभार. बायोसमध्ये डिस्क दिसत नव्हती. पुस्तिकेत पाहिले तर मी निवडलेला पोर्ट एम.२ सोबत वाटून घेतलेला निघाला. संगणक बंद करून केबल शेजारच्या पोर्टला लावताच डिस्क दिसली आणि जीपीटीही झाले. आता या ४ टीबीचे तीन-चार भाग करावेत का?

रात्रपाळी:
मी करणार नाही. एक भाग भरला आणि दुसरा रिकामा राहिला की फाइली इकडून तिकडे हलवत बसावे लागते, आणि डिस्कच बिघडली तर सगळेच भाग जातात. त्यापेक्षा वर्गवारीसाठी फोल्डर पुरेसे आहेत.

जुना_सोल्डर:
सहमत. फक्त जुनी १ टीबीची डिस्क कॅबिनेटमध्ये कायमची बसवण्याबद्दल फेरविचार करावा. तिच्यातील माहिती नव्या डिस्कवर उतरवून झाली की ती काढून कपाटात ठेवा. एकाच एसएमपीएसवर दोन्ही प्रती असतील, तर विजेच्या एका झटक्यात दोन्ही जाऊ शकतात.