लायब्ररीत मुलाला आवाज आणि लाईटचा त्रास होतो, काय बघून जावं?

माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, पुस्तकांचं भयंकर वेड पण हॉलमध्ये शिरलं की कान झाकून घेतो आणि ट्यूबलाईटकडे बघत बसतो. कोणत्या सोयी विचारायच्या?

वाचनवेडी:
आधी ट्यूब बघा. जुन्या चोकवाल्या ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, आपल्याला जाणवत नाही पण काही मुलांना जाम त्रास होतो. खिडकीजवळची जागा मागा, आणि गर्दी कधी नसते ते फोन करूनच विचारा. काही ठिकाणी ठरावीक वेळ शांत ठेवतात, म्हणजे लाईट मंद, घोषणा बंद, आणि कान झाकायचे हेडफोनपण देतात.

चाकावरचा वाचक:
मी व्हीलचेअर वापरतो. रॅम्प आहे एवढं ऐकून जाऊ नका, उतार विचारा, १ फूट चढायला निदान १२ फूट लांबी हवी. आणि दोन रॅकमधून खुर्ची गेली तरी वळवायला साधारण दीड मीटर जागा लागते, नाहीतर उलटं सरकत बाहेर यायचं, हे फार अपमानास्पद वाटतं हो.

वाचनवेडी:
अगदी खरं. आणि श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी काउंटरवर इंडक्शन लूप (माईकमधला आवाज बिनतारी श्रवणयंत्रात पोचवणारी सोय) आहे का ते विचारा, यंत्र टी सेटिंगवर टाकलं की समोरच्याचा आवाज थेट कानात येतो, मागचा गोंगाट बराच कमी होतो.

प्रश्नकर्ती:
खूप आभार! उद्याच फोन करते, आतले फोटोपण मागते म्हणजे त्याला आधीच दाखवता येतील.