ड्यून: लिंचचा १९८४चा की व्हिलनवचे दोन? पुस्तक वाचलेल्यांनी जरूर सांगा

रानजाई:

गेल्या महिन्यात फ्रँक हर्बर्टची ड्यून ही विज्ञानकादंबरी एकदाची वाचून संपवली. आधी दोनदा अर्ध्यात सोडलं होतं, कारण सुरुवातीची पानं घराणी, पदव्या आणि मागच्या परिशिष्टात शब्द शोधण्यातच जातात, पण नायक पॉल आणि त्याची आई जेसिका एकदा वाळवंटात पळाले की पुस्तक खाली ठेववत नाही. संपल्यावर लागोपाठ तीन रात्री सिनेमे बघितले, आधी डेव्हिड लिंचचा १९८४चा, मग डेनी व्हिलनवचे २०२१ आणि २०२४चे. तेव्हापासून डोक्यात एकच विषय चाललाय.

अर्धं पुस्तक माणसांच्या मनात घडतं. समोरचा एक वाक्य बोलतो आणि पुढची चार वाक्यं ऐकणाऱ्याच्या मनातली, तिरक्या टायपात. हा असं का बोलला, याचा हात कुठेय, मी घाबरलोय हे याला कळलं का. हे पडद्यावर आणायचं कसं? लिंचने प्रत्येकाच्या मनातलं कुजबुजत्या आवाजात ऐकवलंय. व्हिलनवने ते सगळं काढून टाकून चेहरे, शांतता आणि हातांच्या खुणा ठेवल्या.

तो पेटीचा प्रसंगच घ्या. पॉलचा हात पेटीत, मानेशी विषारी सुई, हात काढला की मेला. लिंचकडे पॉल भीतीवरचा तो मंत्र मनात म्हणतो आणि आपल्याला कातडी जळताना दिसते. व्हिलनवकडे मंत्र म्हणते जेसिका, दाराबाहेर उभी राहून, पुटपुटत. पुस्तकातही ती बाहेरच असते, पण आपण पॉलच्या डोक्यात असल्यामुळे तिचे हाल आपल्याला कळत नाहीत. मला तर वाचताना जे लागलं नव्हतं ते इथे लागलं, घशात आवंढाच आला.

तर पुस्तकाला जास्त धरून कोण आहे असं वाटतं तुम्हाला?

जुनापडदा:

मी लिंचच्या बाजूने, आणि अगदी मनापासून. कुजबुजीची लोक खिल्ली उडवतात, पण आपण मराठी नाटकं बघत वाढलेली माणसं, आपल्याला स्वगताचं काय वावडं? नट दोन पावलं पुढे येऊन मनातलं बोलतो आणि आपण ते बिनतक्रार मान्य करतो. लिंचने हर्बर्टची पद्धत जशीच्या तशी उचलली, फक्त हातात वेळ किती तर १३७ मिनिटं. व्हिलनवला दोन भाग मिळून सव्वापाच तास मिळाले. शिवाय लिंचकडे फायनल कट, म्हणजे शेवटच्या संपादनाचा हक्क, नव्हता, आणि नंतर टीव्हीसाठी जी लांबवलेली आवृत्ती निघाली तिच्यावरून तर त्याने स्वतःचं नावच काढून घेतलं. तेव्हा त्या सिनेमाची सगळी घाई त्याच्या माथी मारू नका.

आणि तो अंतराळयानं चालवणाऱ्या गिल्डचा नेव्हिगेटर आठवा, मसाल्याच्या, म्हणजे तिथल्या वाळूत मिळणाऱ्या नशिल्या पदार्थाच्या, धुराने भरलेल्या भल्यामोठ्या टाकीत तरंगणारा, माणूसपण पार गेलेला. मसाल्याने माणसाचं काय होतं हे त्या एका टाकीत दिसतं. नवीन दोन भागांत सगळं भव्य आहे, देखणं आहे, आवाजाने खुर्ची हादरते, पण इतकं विचित्र काही बघितल्याचं मला तरी आठवत नाही, आणि हर्बर्टचं जग विचित्रच आहे.

टँकरचीरांग:

मनातल्या आवाजाचं तुम्ही लोक बोलताय ते बरोबर, पण माझ्यासाठी ड्यून म्हणजे पाणी. मी लातूरचा. २०१६च्या एप्रिलात मिरजेहून आमच्याकडे रेल्वेने पाणी आलं तेव्हा मी आठवीत होतो. घरी परातीत उभं राहून आंघोळ करायची आणि परातीतलं पाणी बादलीत ओतून संडासला वापरायचं. आजी जेवणाची ताटं आधी राखेने कोरडी घासायची, मग ओल्या फडक्याने पुसायची, विसळणं नव्हतंच.

म्हणून २०२१च्या सिनेमात तो माळी खजुराच्या झाडांना पाणी घालतो तिथे माझं सगळं लक्ष गेलं. एक झाड रोज पाच माणसांचं पाणी पितं, वीस झाडं, म्हणजे शंभर जीव. पुस्तकात हाच हिशोब डॉक्टर युए जेसिकाला लिटरमध्ये सांगतो, झाडाला दिवसाला चाळीस आणि माणसाला आठ. आणि वाळवंटात राहणाऱ्या फ्रेमेन लोकांचा म्होरक्या स्टिलगार पॉलच्या वडिलांच्या, म्हणजे ड्यूकच्या, टेबलावर थुंकतो, म्हणजे अंगातलं पाणी देऊन मान देतो, तेव्हा थेटरात लोक हसले. मला हसू आलं नाही.

पण व्हिलनवने एक गोष्ट सोडली ती मला फार खटकते. पुस्तकात जेमिस नावाच्या फ्रेमेनला झुंजीत मारल्यावर त्याच्या अंत्यविधीला पॉलच्या डोळ्यांतून पाणी येतं आणि सगळे फ्रेमेन थक्क होतात, हा मेलेल्याला पाणी देतोय म्हणून. त्याच्या ओल्या गालाला बोटं लावून बघतात. त्यांच्यातला होण्याची खरी सुरुवात मला तिथे वाटते. सिनेमात जेमिसच्या अंगातलं पाणी काढतात, तलावात ओततात, सगळं फार छान दाखवलंय, पण पॉल रडत नाही. दुसऱ्या भागात त्याच्या प्रेयसीचा, चानीचा अश्रू त्याला शुद्धीवर आणतो, ते पुस्तकात नाही, बहुतेक तिथे ती भरपाई केली असावी. मला मूळचंच हवं होतं. शत्रूसाठी रडणं वेगळं आणि प्रेमाच्या माणसासाठी रडणं वेगळं.

चांदणंरात्र:

टँकरचीरांग, तुमचं वाचून अंगावर काटा आला. पाण्याचाच धागा पुढे नेते. लिंचच्या शेवटी अराकिसवर, म्हणजे त्या वाळवंटी ग्रहावर, पाऊस पडतो, आठवतंय? सगळे आनंदाने वर बघतायत. पण अहो, वाळूतल्या त्या महाकाय अजगरांना, ज्यांच्यामुळे मसाला तयार होतो, पाणी म्हणजे विष! लहान अजगर पाण्यात बुडवूनच फ्रेमेन त्यांचं ते विधीतलं विषारी जीवनजल काढतात. असा पाऊस लागला तर अजगर मरतील, अजगर मेले की मसाला संपला आणि मसाल्यावरचं सगळं साम्राज्यही संपलं. पुस्तकातले फ्रेमेन म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशोब मांडून थेंब थेंब साठवत असतात. आणि त्याहून वाईट म्हणजे पाऊस पाडून पॉल खरोखरचा देवच ठरतो. हर्बर्टला नेमकं उलटं सांगायचं होतं, असा तारणहार मिळणं हेच लोकांचं सगळ्यात मोठं संकट आहे, आणि ते कमी पडलं म्हणून त्याने १९६९ला पुढचं पुस्तक लिहून आणखी स्पष्ट केलं.

व्हिलनवने त्यासाठी चानी बदलली. पुस्तकात ती पॉलच्या सोबतच राहते, शेवटी जेसिका तिची समजूत काढते की लग्न राजकन्येशी झालं तरी इतिहास आपल्यालाच बायको म्हणेल. सिनेमात ती मान झुकवत नाही, एकटी वाळूत जाऊन अजगराची वाट बघत उभी राहते. पुस्तकाचा शब्द मोडला पण अर्थ राखला, म्हणून माझं मत व्हिलनवला.

रानजाई:

पावसाचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं, पटलं एकदम. आणि जेमिसचं ते पान आत्ता पुन्हा काढून वाचलं.

जुनापडदा, लिंचमध्ये जेमिसशी झुंज मला दिसलीच नाही, की मी कुठे डुलकी काढली?

जुनापडदा:

नाही नाही, थेटरच्या आवृत्तीत ती नाहीच. चित्रित केली होती, कापली गेली, टीव्हीच्या त्या लांबवलेल्या आवृत्तीत आहे. पावसाबद्दल चांदणंरात्र यांचं मान्य, तिथे माझ्याकडे उत्तर नाही. पण पॉलची धाकटी बहीण आलिया? पुस्तकातली ती एवढीशी पोर त्यांच्या घराण्याच्या वैऱ्याला, बॅरनला मारते, आणि लिंचने तिला दाखवलीय. व्हिलनवकडे ती जन्मालाच येत नाही, पोटातूनच आईशी बोलते आणि बॅरनला पॉल मारतो. त्याचं काय ते सांगा आता.