प्रतिस्पर्धी क्लबचे लोकही पुढे आले

जखमी चाहत्यासाठी प्रतिस्पर्धी क्लबचे लोक कशाला खिशात हात घालतील, असं कुणी विचारेल. घालतात हो! २४ एप्रिल २०१८ला चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या फुटबॉल स्पर्धेच्या लिव्हरपूल-रोमा उपांत्य सामन्याआधी, लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्ड मैदानाबाहेर रोमाच्या काही टवाळखोरांनी एका आयरिश लिव्हरपूल चाहत्यावर हल्ला केला. मेंदूला जबर इजा झाली. बायकोमुलांवर आभाळच कोसळलं.

रोममधल्या परतीच्या, म्हणजे उपांत्य फेरीच्या दुसऱ्या सामन्यात लिव्हरपूल अंतिम फेरीत पोहोचलं, तेव्हा खेळाडूंनी मैदानातच त्याच्या नावाचा बॅनर धरला होता. मला मात्र पुढचं जास्त भिडतं. लिव्हरपूलचा हाडवैरी एव्हर्टन, त्यांच्या शेमस कोलमन या खेळाडूनं ५,००० युरो दिले. खुद्द रोमा क्लबकडून दीड लाख युरो आले. एप्रिल २०१९मध्ये डब्लिनला जुन्या खेळाडूंचा मदत सामनाही झाला.

अशा दुखापतीत शस्त्रक्रियेनंतरच खरा खर्च सुरू होतो: फिजिओथेरपी, वाचा-उपचार, घरात व्हीलचेअर फिरेल असे बदल. म्हणून पहिल्या आठवड्यात एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दरमहा थोडं थोडं द्यावं, असं मला मनापासून वाटतं. हा चाहता नोव्हेंबर २०१९मध्ये मँचेस्टर सिटीविरुद्धचा सामना बघायला पुन्हा अ‍ॅनफिल्डला आला, म्हणजे तब्बल दीड वर्षानं.