कानात वाजणारी शिट्टी आणि बाइक: तुमचे अनुभव लिहा

सहा वर्षांपूर्वी दोन दिवसांत साधारण अकराशे किलोमीटर बाइक चालवून घरी आलो. रात्री आडवा झालो तर खोलीत बारीक ‘टीं’ असा आवाज. आधी चार्जरवर संशय गेला, तो काढला. मग पंखा बंद केला. शेवटी मेन स्विच पाडला. अंधारात उभा राहिलो तरी आवाज तसाच. तो माझ्या डोक्यात होता आणि आजही आहे.

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी ऑडिओग्राम, म्हणजे किती बारीक-जाड आवाज किती ऐकू येतो याचा आलेख, काढायला लावला. रेष जवळपास सरळ येते, ४ किलोहर्ट्झपाशी दोन्ही कानांची खड्ड्यात उतरते आणि ८ ला पुन्हा वर येते. आवाजाने दुखावलेल्या कानाची ही ओळखीची खूण. मी म्हटलं, माझ्या बाइकला कंपनीचाच सायलेन्सर आहे, मग हे झालं कशाने?

वाऱ्याने. वेग साठ-सत्तरच्या पुढे गेला की इंजिन मागे पडतं आणि हेल्मेटभोवती घुसळणारा वारा हाच मुख्य आवाज होतो. ताशी १०० किलोमीटरला फुल फेस हेल्मेटच्या आतही ९५ ते १०० डेसिबलच्या आसपास आवाज असू शकतो. नायॉश या कामाच्या जागची सुरक्षा बघणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेच्या हिशोबाने ८५ डेसिबल दिवसाला ८ तास चालतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला १५ मिनिटं. पहिला थांबा यायच्या आधीच मी त्या दिवसाचा कोटा संपवत होतो, आणि हे तेरा वर्षं चाललं. अंतर्कर्णातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात परत उगवत नाहीत. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर, असं फार वाटतं.

म्हणून हा धागा. ज्यांना त्रास आहे, ज्यांचा सुसह्य झाला, ज्यांनी कान वेळेत सांभाळले, सगळ्यांनी लिहा. काय केलं आणि काय चुकलं, तपशिलात.

* * *

मी नवशिक्यांना बाइक शिकवते. ‘कानात प्लग घातले तर हॉर्न कसा ऐकू येणार?’ हा प्रश्न दर बॅचला येतो. मोकळ्या रस्त्यावर एकदा प्लगशिवाय आणि एकदा प्लग घालून चालवायला लावते आणि मागून हॉर्न देते. वेगात प्लगमुळे वारा आणि हॉर्न दोन्ही खाली येतात, त्यामुळे वाऱ्यात बुडालेला हॉर्न उलट सुटा ऐकू येतो. कमी वेगात मात्र फरक जाणवतो. तेव्हा मी फिल्टरचे प्लग घालते, त्यातून बोलणं बऱ्यापैकी आत येतं. प्लगबाबतचे नियम सगळीकडे सारखे नाहीत, आपल्याकडचे बघून घ्या.

दुसरं, फोमचा प्लग नुसता खोचला तर पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा खूपच कमी आवाज अडतो. स्वच्छ हातांनी तो वातीसारखा बारीक वळायचा, सुरकुती पडू द्यायची नाही. दुसरा हात डोक्यावरून आणून कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, की वाट सरळ होते. वात आत सरकवायची आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवायची. नीट बसला तर स्वतःचं बोलणं डोक्यात घुमतं. आरशात बराचसा प्लग बाहेर दिसत असेल तर पुन्हा घाला. काढताना हळूहळू पिळत काढा, झटका देऊ नका. कापसाचे बोळे कामाचे नाहीत, ते जवळजवळ काहीच अडवत नाहीत.

* * *

वाऱ्यापासून वाचायला मी मोठी विंडशील्ड लावली आणि आवाज वाढला. छातीवर वारा लागत नव्हता, पण काचेच्या वरच्या कडेवरून सुटलेला घुसळलेला झोत बरोबर हेल्मेटवर येत होता. मोकळ्या रस्त्यावर फूटपेगवर क्षणभर उभं राहिलो की डोकं स्वच्छ वाऱ्यात जायचं आणि गडगडाट थांबायचा. त्यावरून कळलं. काच चार बोटं खाली घेतली. हनुवटीखाली कापडी पडदा लावला, कारण बराचसा आवाज मानेकडून आत शिरतो. दोन्हींचा उपयोग झाला, पण प्लग सुटले नाहीत.

* * *

माझा अनुभव झोपेचा आहे, थोडा लांब होईल.

सुरुवातीचे चार महिने मी रात्री दोनला उठून इंटरनेटवर ‘कानात आवाज बरा होतो का’ हेच शोधायचो. प्रत्येक वाचनानंतर आवाज मोठा वाटायचा. सकाळी उठल्याबरोबर पहिलं काम, आज वाजतंय का ते तपासायचं. वाजत असायचंच. बायकोशी बोलताना अर्धं लक्ष तिकडे. तिने एकदा विचारलं, ‘माझं ऐकतोयस की त्याचं?’ त्या दिवशी मी पहिल्यांदा रडलो.

मोठी चूक पुढे केली. आवाजाची इतकी धास्ती घेतली की घरातही प्लग घालून बसू लागलो. महिन्याभरात भांड्याला भांडं लागलं तरी कानात सुई गेल्यासारखं व्हायला लागलं. ऑडिओलॉजिस्टबाईंनी समजावलं, की बाहेरून कमी सिग्नल आला की मेंदू स्वतःचा व्हॉल्यूम वाढवतो. शांत खोलीत कान बंद करून मी त्याला आणखी वाढवायला लावत होतो. प्लग फक्त गोंगाटात, घरी नाही. हा नियम मी तेव्हापासून पाळतो.

रात्री उशाशी पावसाचा आवाज लावायला सांगितलं, पण शिट्टी बुडेल इतका मोठा नाही. दोन्ही ऐकू यायला हवेत. हे मला आधी विचित्र वाटलं. हेतू असा, की मेंदूला ती शिट्टी इतर आवाजांतली एक वाटावी, धोक्याची घंटा नाही. सोबत मानसोपचारतज्ज्ञांकडे सीबीटीची, म्हणजे विचारांची सवय बदलायच्या उपचाराची, सत्रं घेतली. ‘हे असंच वाढत जाणार, मी बहिरा होणार’ हा विचार कागदावर लिहून त्याला पुरावा काय, हे तपासायचं. आवाज कमी झाला नाही, माझी भीती कमी झाली. साधारण आठव्या महिन्यात एका संध्याकाळी लक्षात आलं, की दुपारभर आवाजाची आठवणच झाली नव्हती.

ज्यांना अगदी असह्य होतंय, जगणं नकोसं वाटतंय, त्यांनी आजच कुणाला तरी सांगा. मीही तिथे जाऊन आलोय.

* * *

वरचं वाचून धीर आला. माझे पैसे गोळ्यांवर गेले. जिंको या झाडाचा अर्क, झिंक, कुणी सांगेल ते. नंतर कळलं, की अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१४च्या मार्गदर्शक सूचनांत या दोन्हींची शिफारस करू नका असं स्पष्ट लिहिलंय. मला श्रवणयंत्राने फरक पडला. ऐकू कमी येत होतं हेच मी मान्य करत नव्हतो. यंत्र लावलं, बाहेरचे आवाज परत आले आणि शिट्टी मागे सरली.

* * *

इंटरकॉमवाल्यांसाठी: वाऱ्यावर मात करायला आपण गाणी वाढवतो आणि कानावर वाऱ्यासोबत गाण्याचाही मारा होतो. आधी प्लग, त्यावर हेल्मेटमधले स्पीकर. शब्द जास्त स्वच्छ कळतात.

* * *

सगळ्या शिट्ट्या वाऱ्याच्या नसतात. मला एका सकाळी उजव्या कानाने जवळपास काही ऐकू येईना, आत नुसता घोंघाट. कालच्या राइडमुळे असेल, दोन दिवसांत जाईल, असं गटातल्या सगळ्यांनी सांगितलं. बहीण ऐकेना, ती त्याच दिवशी दवाखान्यात घेऊन गेली. अचानक आलेला बहिरेपणा निघाला, लगेच स्टिरॉइड सुरू केले. बरंच ऐकू परत आलं, सगळं नाही. डॉक्टर म्हणाले, यात दिवस वाया घालवायचे नसतात. एकाच कानात आवाज, नाडीच्या ठोक्यासोबत धडधडणारा आवाज किंवा सोबत चक्कर असेल तरीही अंगावर काढू नका.

* * *

धागा काढणारा मीच पुन्हा. मला निरोपातून विचारलंय, की त्रास नसताना ऑडिओग्राम कशाला? तुलनेला. पहिला आलेख चांगल्या कानांचा असेल तर उतार सुरू झालेला लवकर दिसतो, स्वतःला जाणवायच्या बराच आधी. साधारण १६ तास गोंगाटापासून लांब राहून जा, नाहीतर राइडमुळे तात्पुरतं बधिर झालेलंच मोजलं जाईल. माझे सहा वर्षांतले चार आलेख फाइलला आहेत. पहिल्या आलेखानंतर प्लगशिवाय मी मोठ्या रस्त्याला लागलो नाही. ४ किलोहर्ट्झचा खड्डा चारही कागदांवर तेवढाच आहे.