गुडघ्याखाली कृत्रिम पाय, वय 81, गावी एकटे राहणारे माजी सैनिक: घरात काय बदल करावेत?

कऱ्हाडची_लेक
वडील निवृत्त हवालदार. 1971च्या युद्धात सुरुंगामुळे डावा पाय गुडघ्याखाली गेला. आता खटाव तालुक्यातल्या घरी एकटेच असतात आणि त्यांना तिथंच राहायचंय. स्वयंपाकाला बाई येते. दिवसा पाय लावून सगळं स्वतः करतात. काळजी रात्रीची आहे. तेव्हा पाय काढलेला असतो आणि मोरी-संडास पलंगापासून सात-आठ पावलांवर. भिंती जुन्या, मातीत बांधलेल्या. वॉकर आहे, पण कोपऱ्यात पडून असतो. अलीकडे पाय सैल होतो म्हणतात. सुरुवात कुठून करू?

फिजिओ_सातारा
मोरीपासून नको, पलंगापासून करा. काठावर बसल्यावर उजवं पाऊल पूर्ण जमिनीला टेकलं पाहिजे आणि गुडघा मांडीच्या सांध्यापेक्षा किंचित खाली हवा. गादीसकट साधारण 18 ते 20 इंच उंची भरते. पलंग बुटका असेल तर पायांखाली खोबण पाडलेले लाकडी ठोकळे घाला. नुसत्या विटा सरकतात.

पाय जाऊन पन्नास वर्षं झाली तरी झोपेत पाय आहे असंच वाटत राहतं. माणूस अर्धवट जागेपणी डावा पाय टाकतो आणि पडतो. म्हणून वॉकर कोपऱ्यात नाही, उतरायच्या बाजूला पलंगाला चिकटून आडवा ठेवा. हात आधी त्याला लागला की भान येतं. चाकं नसलेलाच घ्या. हात सरळ सोडल्यावर मनगटाची घडी येते तिथं मूठ यावी.

तरी एका पायावर सात-आठ उड्या या वयात मी करू देणार नाही. उजव्या गुडघ्यावर आधीच सगळा भार आहे. रात्रीपुरती कमोड खुर्ची पलंगाशेजारी, उजव्या हाताला ठेवा आणि झाकणाचं युरिनल पलंगाला अडकवा. यात कमीपणा नाही, हे त्यांना नीट समजावून सांगा. दिवा बॅटरीवर चालणारा, हालचालीने लागणारा घ्या. वीज गेली तरी उजेड हवा.

आणि डाव्या गुडघ्याखाली उशी घेऊन झोपत असतील तर आजच बंद करा. गुडघा वाकडा आखडला की पाय बसतच नाही.

बांधकाम_खटाव
मातीच्या भिंतीत नेहमीचा अँकर फास्टनर मारू नका. तो आत फुगून धरतो. दगड-विटांमधला मातीचा सांधा त्याला दाबून धरत नाही, उलट दगड-वीट सैल होते. आठवडाभर घट्ट वाटतं आणि नेमका जोर पडला की उपसून येतं. आरपार भोक पाडून 12 मिलिमीटरचा बोल्ट घाला, दोन्ही बाजूंनी 6 इंच चौरस, 6 मिलिमीटर जाड लोखंडी पट्टी. भिंत पोट काढत असेल तर तिचा नादच सोडा. जमिनीत दीड फूट खड्डा, त्यात काँक्रीट आणि त्यातून वर आलेला पाइप.

धरायचा दांडा 32 ते 38 मिलिमीटर जाडीचा, स्टेनलेस स्टीलचा. भिंतीपासून अंतर 40 मिलिमीटर. जास्त ठेवलं तर घसरताना हात आत अडकून मोडतो. टॉवेलचा रॉड हा आधार नव्हे. बसवल्यावर एका धडधाकट माणसाने त्याला लोंबकळून बघावं, मगच वडिलांना धरू द्या.

मोरीचं दार आत उघडत असेल तर बिजागऱ्या फिरवून बाहेर उघडणारं करा. आत पडलेल्या माणसाचं अंग दाराला अडतं आणि बाहेरून कोणाला शिरता येत नाही. गुळगुळीत कडप्प्याला टाकी मारून घ्या. उंबरठ्याला उतार करायचा तर 1 इंच उंचीला 12 इंच लांबी. चार इंची उंबरठ्याला चार फूट लागतात.

लिंब_टेक
सैलपणाबद्दल. वय वाढतं तसा स्टंप, म्हणजे पायाचा उरलेला भाग, बारीक होतो, म्हणून आधी त्यावरचे मोजे. एक सुती मोजा वाढवून बघा, आणि दिवसातून पुन्हा. सकाळी बसलेला पाय दुपारनंतर सैल पडतो. चार-पाच मोजे लागायला लागले की सॉकेट (स्टंप ज्यात बसतो ती वाटी) बदलायची वेळ झाली. पुण्याचं आर्टिफिशियल लिंब सेंटर 1944 पासून सैनिकांसाठी हेच काम करतं. ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड आणि डिस्चार्ज बुक घेऊन जा, पण आधी फोन करून वेळ ठरवा.

एक विचारते. अलीकडे चप्पल-बूट बदललेत का? कृत्रिम पाऊल ठरावीक टाचेच्या उंचीला जुळवलेलं असतं. सपाट चप्पल घातली की गुडघा मागे ढकलला जातो, उंच टाचेने पुढे. माणूस म्हणतो पाय सैल आहे, दोष असतो चपलेचा.

स्टंप रात्री धुवायचा, सकाळी नाही; ओलसर कातडी सॉकेटमध्ये चिकटून सोलते. मागची बाजू आरशात बघायला लावा. पाय काढल्यावर लाल वळ दहा मिनिटांत गेला नाही, तर त्या दिवशी पाय लावायचा नाही.

कऱ्हाडची_लेक
बूट दिवाळीत नवे घेतले! कोणाच्या लक्षातच आलं नाही. जुन्याची टाच मोजून बघते. हयातीच्या दाखल्यासाठी मात्र त्यांना दरवर्षी साताऱ्याला न्यावं लागतं, बोटांचे ठसे उमटत नाहीत.

पेन्शन_मदत
ठसे सोडा, चेहऱ्यावरून करा. अँड्रॉइड फोनवर 'जीवन प्रमाण' आणि 'आधार फेस आरडी' ही ॲप घ्या. उजेड समोरून हवा, चष्मा काढलेला. पेन्शन 'स्पर्श'मधून (सैन्याच्या पेन्शनची ऑनलाइन व्यवस्था) असेल तर वाटप करणारी संस्था म्हणून बँक निवडू नका, 'स्पर्श - पीसीडीए (पेन्शन्स) अलाहाबाद' निवडा. सगळ्यात जास्त दाखले इथंच अडकतात. प्रमाण आयडीचा एसएमएस म्हणजे दाखला तयार झाला एवढंच. स्वीकारला का, ते नंतर तपासा. ऐंशीच्या पुढच्यांना 1 ऑक्टोबरपासून देता येतो. फोन जमत नसेल तर पोस्टमन घरी येऊन 70 रुपयांत करतो.

पेन्शन स्लिपही काढून बघा. ऐंशी पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनवर 20 टक्के वाढ मिळते. पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि आधारवरची जन्मतारीख जुळत नसेल तर ही वाढ अडून राहते, आणि दुरुस्तीचा अर्ज केल्याशिवाय सुटत नाही. कागद जमवायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मदत होते.