सीएचओ म्हणून टीम चालवायची का एनपीसीसी करायचं? सल्ला द्या

बालाघाटची_लेक:
नमस्कार, बीएस्सी नर्सिंग झालंय, बीड जिल्ह्यात उपकेंद्रावर सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आहे, कंत्राटी. कागदावर टीमची प्रमुख मीच, पण आमच्या आरोग्य सेविका (एएनएम) ताई जिल्हा परिषदेच्या पर्मनंट, वयानं आन अनुभवानं मोठ्या, त्यांच्यावर पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) आरोग्य सहायिका, त्यामुळं मी सांगितलेलं काम होईल का नाही ते त्यांच्या मर्जीवर. ऊसतोडीला टोळ्या निघायच्या आधी बीपी-शुगरवाल्यांच्या गोळ्यांची सोय लावायची असती, ते एकटीनं होत नाही. मैत्रिणी म्हणायलेत एनपीसीसी (क्रिटिकल केअरमधला नर्स प्रॅक्टिशनरचा कोर्स) कर, हॉस्पिटलात वजन राहतं. काय करू?

आयसीयू_ब्रदर:
ताई, एनपीसीसी म्हणजे 2 वर्षांची रेसिडेन्सी, नर्सिंग कौन्सिलचा कोर्स, थेअरी कमी आन जास्तीत जास्त वेळ आयसीयूत, व्हेंटिलेटर, शॉक, सेप्सिस, प्रोटोकॉलप्रमाणं पेशंट सांभाळणं. अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनरचं (तपासणी-उपचाराचं जादा शिक्षण घेतलेल्या नर्सचं) पहिलं शिक्षण 1965 ला कोलोरॅडोत निघालं ते लहान लेकरांच्या तपासणीसाठी, आपल्याकडं सुरुवात क्रिटिकल केअरपासून झाली. तुमचा जीव गावच्या बीपीत असंल तर हे शिकून उपकेंद्रावर काय वापरणार? बाळंतपणात रस असंल तर मिडवायफरीचा 18 महिन्यांचा बघा. फी भरायच्या आधी एकच विचारा, पास झाल्यावर त्या नावाचं पद कुठंय. पद नसंल तर परत स्टाफ नर्सच्याच ड्युट्या लागतात, मग नेतृत्व कशाचं?

पीएचसीवाला_डॉक्टर:
मी एमओ, म्हणजे पीएचसीचा मेडिकल ऑफिसर आहे, माझ्या बाजूनं सांगतो. उपकेंद्राच्या जन आरोग्य समितीत सरपंच अध्यक्ष, आम्ही सहअध्यक्ष आन सदस्य सचिव सीएचओ, म्हणजे बैठक बोलावणं, विषय ठरवणं, इतिवृत्त लिहिणं तुमच्याच हातात. बऱ्याच पोरी तिथं फक्त सह्या घेतात. ऊसतोडवाल्यांच्या गोळ्या हाच विषय घ्या, सेविका, सेवक, आशा कोणाकडं कोणती वस्ती ते ठरावात लिहा, एक प्रत पीएचसीच्या मासिक मीटिंगला आणा. मग सहायिकेलाही मीच सांगतो, तुम्हाला कोणाशी भांडायची गरज नाही. आन ज्याचा बीपी बसत नाही त्याला ई-संजीवनीवर (सरकारी ऑनलाइन डॉक्टर सल्ला) माझ्यासमोर आणा, डोस मी बदलतो, पुढची रिफिल तुम्ही द्या.

सेविका_परभणी:
पोरी, मी सेविकाच आहे म्हणून बोलते, वाईट वाटून घेऊ नको. आमच्याकडं नवीन सीएचओ आली की पहिल्या दिवशी टॅब काढून आकडे मागती. 30 च्या वरच्यांचे सीबॅक फॉर्म (बीपी-शुगरसारख्या आजारांचा धोका बघायचे) भरले का, किती राहिले. कोणत्या घरात सून गोळ्या लपवती, कोण दारू पितंय म्हणून गोळी चुकवतंय हे आम्हाला माहीत असतं ते कोणी विचारतच नाही. त्या ताईसंगं दोन वस्त्या पायी फिर, आधी तिला बोलू दे, तू बीपी घे. लसीकरणाच्या दिवशी तिचं रजिस्टर भरायला हात लाव. लोकांसमोर तिला काही सांगू नको, सांगायचं ते आत बसून सांग. आमच्या सीएचओनं असंच केलं, आता तिनं फोन केला की मी जेवण अर्धं ठेवून जाते.

बालाघाटची_लेक:
ताई, सर, लई आभार. एनपीसीसीचा विचार सध्या बाजूला. समितीत मुकादमांना बोलवता येईल का?

पीएचसीवाला_डॉक्टर:
बोलवाच. टोळीत कोण कोणत्या कारखान्यावर जाणार ते त्यांनाच माहीत असतं. प्रत्येक पेशंटच्या कार्डावर गोळीचं नाव आन डोस मराठीत लिहून द्या, म्हणजे तिकडच्या उपकेंद्रावर दाखवता येईल. दसऱ्याच्या आधी बैठक लावा, नंतर कोणी सापडत नाही.