थंडीत पाणथळीवर पायी फिरायचंय, ठाणे–नवी मुंबईत कुठे जावं?

कोपरीची_कन्या
नमस्कार मंडळी. भाऊ लडाखहून गोठलेल्या तळ्याचे व्हिडिओ पाठवतोय आणि माझी नऊ वर्षांची लेक "आपणपण असंच तळ्यावर चालायला जाऊ" म्हणून मागे लागली आहे. लडाख या वर्षी शक्य नाही. डिसेंबरच्या शेवटी सासरे गावाहून येतायत. वय बहात्तर, गुडघे कुरकुरतात, पण सपाट वाट असेल तर तासभर आरामात चालतात.

पेव्हर ब्लॉकचा गोल ट्रॅक नको. कचराळी, उपवन, मासुंदा ही ठाण्यातली तळी सगळी पायाखालची आहेत. पाणी, चिखल, गवत, पक्षी असं काहीतरी हवंय. गाडी नाही, लोकल आणि रिक्षा. शनिवार-रविवार सकाळीच जमेल. फ्लेमिंगो दिसणार नसतील तर आत्ताच सांगा, म्हणजे लेकीची समजूत घालायला मला वेळ मिळेल.

सीवूड्सचा_शेजारी
डीपीएस तळं, म्हणजे दिल्ली पब्लिक स्कूलजवळचं, नेरुळ. ठाण्याहून पनवेल लोकल पकडा, सीवूड्स-दारावेला उतरा, पुढे रिक्षा. डोळे झाकून जा.

तिवरवाला
डोळे झाकून गेलात तर रिकामं तळं बघून परत याल. दरवर्षी इथे हाच प्रश्न येतो, उत्तरात जागांची यादी पडते आणि वेळेबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. पाणथळीवर जागा दुय्यम. आधी पाणी कधी येतं-जातं ते बघायचं.

ओहोटीला ठाणे खाडीचा चिखल उघडा पडतो. रोहित (म्हणजे फ्लेमिंगो), शेकाटे, तुताऱ्या, कुरव (सीगल) सगळे तिथे पसरून खात असतात. त्यांचं ताट तेच. भरती चढली की ताट बुडतं आणि पक्ष्यांना उथळ, शांत पाणी शोधावं लागतं. मग ते पाम बीच रोडच्या बाजूच्या तळ्यांकडे येतात: डीपीएसचं तळं, टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेच्या मागचा भाग, एनआरआय संकुलाजवळची पाणथळ. पाणी उतरलं की परत खाडीत. म्हणजे त्याच तळ्यावर सकाळी सातला चार ढोकरी दिसतील आणि दहाला पाय ठेवायला जागा नसेल.

म्हणून सकाळी भरती असेल त्या दिवशी नेरुळची तळी. सकाळी ओहोटी असेल त्या दिवशी ऐरोली किंवा भांडुप उदंचन केंद्राची (पंपिंग स्टेशनची) बाजू, जिथून उघडी खाडी दिसते. सकाळ म्हणजे सूर्योदय ही डोंगरवाल्यांची सवय. इथे सूर्योदयाला पोचून फारसं काही पदरात पडत नाही, जानेवारीत तर खाडीवर आठपर्यंत धुरकंच असतं.

कोपरीची_कन्या
हे भारी आहे. पण भरती-ओहोटीचं वेळापत्रक मला वाचता येत नाही. रोज वेगळं असतं ना?

करावेकर
ताई, ॲप वगैरे नंतर बघा. भिंतीवर कालनिर्णय आहे ना? तिथी बघा, तिला पाऊणने गुणा. येईल तितके वाजता पूर्ण भरती, दिवसाही आणि रात्रीही. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. द्वादशीला नऊ. त्रयोदशीला पावणेदहा. चतुर्थीला दुपारी तीन. दोन्ही पक्षांना तोच हिशेब. पूर्ण ओहोटी त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे. आमच्याकडे होडी लोटणारा प्रत्येक माणूस हेच करत आलाय. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, तेवढं धरून चाला.

आणि भांगाचे दिवस टाळा, म्हणजे अष्टमीच्या आगेमागे. तेव्हा पाणी ना नीट चढत, ना नीट उतरत. चिखल पुरता बुडत नाही, मग पाखरू तळ्याकडे कशाला येईल?

तिवरवाला
करावेकर, नमस्कार घ्या. यात दोनच गोष्टी जोडतो. छापील तक्ते बहुधा अपोलो बंदराचे असतात, खाडीत वर ऐरोली-कोपरीपर्यंत पाणी पोचायला त्याहून थोडा जास्त वेळ लागतो. दुसरं, आपल्याकडे पावसाळ्यात दिवसाची भरती मोठी असते, हिवाळ्यात रात्रीची. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत दिवसा तळी काठोकाठ दिसली नाहीत तर हिरमुसू नका.

कन्याताई, या हिशेबाने तुमच्यासाठी नेरुळला द्वादशी ते चतुर्दशीमधला शनिवार-रविवार उत्तम. साडेआठला पोचायचं, साडेदहाला निघायचं.

गॉगलवाली
फ्लेमिंगोचं कुणी स्पष्ट सांगत नाहीये, म्हणून मी सांगते. डिसेंबरअखेर मोठे थवे मिळतीलच असं धरून जाऊ नका. काही येऊन पोचलेले असतात, पण जो गुलाबी पट्टा फोटोत दिसतो तो फेब्रुवारी ते एप्रिल-मेचा. कच्छकडून ते टप्प्याटप्प्याने येतात. लहान मुलांना रंगाचंच आकर्षण असेल तर संक्रांतीनंतर जा, महाशिवरात्रीच्या सुमारास आणखी बरं. पिल्लं राखाडी-मळकी असतात हेही आधी सांगून ठेवा, माझ्या भाच्याला वाटलं ती आजारी आहेत. रंग खाण्यातून येतो. छोटा रोहित खाडीतलं नीलहरित शेवाळ गाळून खातो, त्यातली रंगद्रव्यं पिसांत उतरतात, आणि त्याला काही वर्षं लागतात.

डिसेंबरमध्ये खरी गंमत बाकीच्यांची. शेकाट्या, उचाट्या, चमचा, चित्रबलाक, थापट्या बदक, वर घिरट्या घालणारा दलदली भोवत्या. तो आला की अख्खं तळं एकदम उठतं.

सीवूड्सचा_शेजारी
माझ्या एका ओळीवर एवढं रामायण होईल वाटलं नव्हतं 😀 पण एक भर घालतो. जाण्याआधी डीपीएस तळ्यात पाणी आहे की नाही याची चौकशी करा. २०२४ च्या उन्हाळ्यात ते कोरडं पडलं होतं, फ्लेमिंगो मेल्याच्या बातम्याही तेव्हाच्याच. तळं पावसावर जगत नाही, खाडीचं पाणी आत येणारे मार्ग मोकळे असले तरच ते भरतं. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या सुमारे ३० एकरांना संवर्धन राखीव क्षेत्र करायला मंजुरी दिली. कागद झाला, तरी पाणी स्वतः बघून खात्री करावी या मताचा मी आहे.

घणसोली_सायकल
सासऱ्यांच्या गुडघ्यांचा विचार करता माझं मत ऐरोलीला. किनारी व सागरी जैवविविधता केंद्र. ऐरोली स्टेशनवरून रिक्षा. तिवरांच्या (खारफुटीच्या) मधून लाकडी पायवाट आहे, सपाट, कठड्याची. तळ्याकाठच्या बांधावर दगड-माती असते, इथे ती भानगड नाही. स्वच्छतागृह आहे, बसायला जागा आहे. बहात्तर वर्षांच्या माणसाबरोबर जाताना हे दोन मुद्दे फ्लेमिंगोच्या वर धरावेत.

बोटफेरीही तिथूनच सुटते, ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्यात नेतात. अभयारण्य २०१५ चं, आणि २०२२ पासून ठाणे खाडी रामसर यादीत (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत) आहे. बोटीच्या वेळा भरतीप्रमाणे रोज बदलतात, आधी नोंदणी करा. सुट्टीच्या दिवशी ऐनवेळी जागा मिळेल या भरवशावर जाऊ नका.

पायवाटेवर मुलीला खाली बघायला सांगा. निवट्या दिसतील, चिखलावर चालणारे मासे. आणि एक पंजा भलामोठा असलेले खेकडे. ओहोटी असली पाहिजे मात्र, पाणी वर असेल तर नुसती तिवरांची डोकी.

करावेकर
निवट्या बघायचा पण आणि खायचा पण. काय राव, थंडीत निवट्यांचं कालवण…

घणसोली_सायकल
करावेकर, धागा पाककृतीत नेऊ नका 🙏

बर्फातला_बंड्या
मुलीच्या मूळ मागणीबद्दल कुणीच बोललं नाही. मी नोकरीच्या निमित्ताने लेहमध्ये राहिलोय, म्हणून लिहितो. भावाच्या व्हिडिओत लोक चालतायत ते सोपं दिसतं. माणसाच्या वजनाला किमान १० सेंटिमीटर जाडीचा, काचेसारखा स्वच्छ बर्फ लागतो. पांढरा, दुधी बर्फ त्याच्या निम्माच भरवशाचा. आणि तळ्याच्या काठची पाणथळ ही सगळ्यात फसवी जागा. जिथे गवत-लव्हाळं बर्फातून वर आलंय, जिथे झरा किंवा ओढा आत येतो, तिथे बर्फ पातळ राहतो. मधे टणक आणि काठाला पाय आत, असं होऊ शकतं. त्यामुळे तिथला गाववाला ज्या वाटेने जाईल त्याच वाटेने जायचं. शिवाय लेहच साडेतीन हजार मीटरवर आहे, त्सो मोरीरी तळं साडेचार हजारांवर. सासऱ्यांना घेऊन जानेवारीत हा विषयच काढू नका.

पण मुलीला सांगायला एक गोष्ट आहे. त्सो मोरीरी, त्सो कर ही तळी गोठतात तेव्हा तिथले पक्षी कुठे जातात? तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटच्या तळ्यांवर पिल्लं काढतो आणि हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर उतरतो. ऐरोली किंवा वाशीच्या खाडीपुलावरून जे पांढरे पक्षी दिसतात, त्यांत तो असतो. मामाच्या तळ्यावरचे पाहुणे भाचीच्या खाडीवर आलेत असं म्हणा, चालेल.

गॉगलवाली
बंड्या, हे फारच आवडलं. फक्त त्या पाहुण्यांना गाठ्या-शेव घालू नका. पुलावर आणि बोटीतून लोक पाकिटंच्या पाकिटं उधळतात. तळलेलं, खारट बेसन हे काही त्यांचं अन्न नव्हे, आणि त्यासाठी ते गाड्यांच्या वाटेत झेपावतात.

निफाडकर_ठाण्यात
मुलीला बर्फाचंच वेड असेल तर आमच्याकडे या! निफाडला कडाक्याच्या थंडीत पहाटे गवतावरचं दव गोठतं, द्राक्षवाले रात्रभर शेकोट्या पेटवून बसतात. आणि नांदूर मध्यमेश्वर त्याच तालुक्यात. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथला बंधारा, गाळ साठून पाणथळ झालेली. महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा म्हणून २०२० मध्ये जाहीर झाली. चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत. चक्रवाक, तलवार बदक, वारकरी, आणि नशीब असेल तर पट्टकादंब. हा बंड्याभाऊंच्या तळ्यांवरचाच, हिमालय ओलांडून येतो, सात हजार मीटरच्या वर उडाल्याची नोंद आहे त्याची.

गाडी लागेल, आणि आदल्या रात्री नाशिक किंवा निफाडला मुक्काम. इथे मात्र सूर्योदयालाच जा, भरती-बिरती काही नाही. कानटोपी विसरू नका, ठाण्याच्या थंडीचा अनुभव तिथे उपयोगी पडत नाही.

लेन्सखां
नेरुळच्या तळ्यावर आमच्या फोटोवाल्यांपैकीच काही जण "उडतानाचा फोटो" हवा म्हणून टाळ्या वाजवतात, खडे मारतात. ड्रोनही पाहिलाय. असं कुणी दिसलं तर मुलीसमोर जरूर बोला. भरतीच्या वेळी पक्षी तिथे विसावायला आलेला असतो, त्याला उडवलं की त्याची साठवलेली ताकद जाते. तुम्ही बांधावरच थांबा, खाली उतरू नका. दुर्बीण ८×४२ कुणाची मिळाली तर बघा, विकत घेऊ नका पहिल्याच फेरीला. कपडे मातकट रंगाचे.

कोपरीची_कन्या
सगळ्यांचे आभार, एवढं अपेक्षित नव्हतं! तर मी असं ठरवतेय: सासरे असताना ऐरोली, पायवाटेसाठी. नेरुळ फेब्रुवारीत, मी आणि लेक. नांदूर मध्यमेश्वर नवऱ्याच्या रजेवर अवलंबून. ऐरोलीला मग ओहोटी सकाळी हवी ना, निवट्यांसाठी? अमावस्या-पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे भरती सव्वाअकराला आणि ओहोटी सकाळी सव्वापाचला. केंद्र तर तेव्हा उघडलेलंही नसेल.

तिवरवाला
गणित बरोबर. आता तीन-चार दिवस पुढे सरका. तृतीयेला भरती सव्वादोन, ओहोटी सव्वाआठ. चतुर्थीला ओहोटी नऊ. ओहोटीनंतरचे दोन तास चिखल उघडाच असतो आणि चढतं पाणी खाडीतले पक्षी हळूहळू काठाकडे ढकलतं. म्हणजे तृतीया-चतुर्थीचा शनिवार किंवा रविवार, केंद्र उघडल्या उघडल्या आत. बोट त्या दिवशी मिळाली तर दुपारची असेल, ती सासऱ्यांच्या उत्साहावर सोडा.

करावेकर
संकष्टी आली तर सासऱ्यांचा उपास असेल. साबुदाण्याची खिचडी डब्यात घ्या. आणि अंगाला ओडोमॉस लावा, तिवरांतले डास थंडी बघत नाहीत.